किर्तीचं काम देवाला सांगायचं कसं

आमच्या हिरजीच्या चाळीत दोन डॉक्टर. एक तळमजल्यावरचे दाताचे, त्यांच्याकडे लोक दात सोडून बाकी सगळं दाखवायला जातात. दुसरी दुसऱ्या मजल्यावरची किर्ती घाडीगावकर. तिच्याकडेही लोक गुडघे, खोकला, पोरांची सुजलेली गालफडं, सगळं घेऊन जातात आणि ती दार उघडून सगळ्यांना एकच सांगते, "अहो, मी ती डॉक्टर नाही." लोक म्हणतात, "असू दे, बघ तर." आणि जीभ बाहेर काढतात.

मी तिच्या भिंतीला भिंत लागून राहते. मंजुळा माझं नाव, ब्लाऊज शिवते. माहेर साताऱ्याकडचं, म्हणून लालबागच्या ह्या मालवणी गोतावळ्यात नातवंडं झाली तरी मी घाटीणच. कोणी चुकीचं बोललं की मला गप्प बसवत नाही, हा माझा स्वभाव. आणि किर्तीबद्दल तर लोक वाट्टेल ते सांगत सुटतात. तिने लस शोधली, तिने कोरोना मारला, ती मंत्र्यांची डॉक्टर आहे. ऐकून डोकं फिरतं माझं. तसलं काही नाही. ती परळच्या एका प्रयोगशाळेत बसते आणि विषाणू रूप बदलून आला की त्याला ओळखते. तेवढंच. आणि ते तेवढंच केवढं मोठं आहे, हे कळायला आमच्या चाळीला काही वर्षं आणि एक सत्यनारायण लागला.

लहानपणापासून तिला हीच खोड. शाळेत असताना चाळीत कांजिण्यांची साथ आली. पोरं खोल्यांतून कोंडलेली, अंगाला कडुलिंबाचा पाला. ही सगळ्यांत आधी बरी झाली आणि खडू घेऊन गॅलरीत फिरायला लागली. दारोदार विचारायची, "पहिला फोड कधी आला? त्याच्या आधी कोणाबरोबर खेळलास?" आणि भिंतीवर एकेकाचं नाव लिहून बाण काढायची. सगळे बाण जाऊन थांबले चाळीतल्याच धनेशच्या थोरल्या भावापाशी, आणि त्याच्या मागे एकच बाण, 'गिरगाव, मावशी'. मावशी नेमकी त्याच दुपारी बोरं घेऊन भेटायला आली. भिंत वाचून ती जी भडकली म्हणता! किर्तीच्या आईने, कौसल्यावहिनींनी, ओल्या फडक्याने भिंत पुसली आणि त्याच ओल्या हाताने किर्तीच्या पाठीत एक धपाटा घातला. किर्ती रडता रडता म्हणत होती, "पण खरंच तिकडूनच आलंय." मला तेव्हापासून ती पोरगी आवडते.

पुढे खडूच्या जागी मशीन आलं, इतकाच काय तो फरक. मुंबईभरातून नाकातले नमुने बर्फाच्या पेट्यांतून त्यांच्याकडे यायचे. गटाराचं पाणीसुद्धा यायचं, कारण माणूस दवाखान्यात जायच्या आधी त्याचा आजार गटारात पोचलेला असतो, असं तिनेच मला सांगितलं आणि मी तिला माझ्या मशीनवर बसल्या बसल्या हे बोलायला मनाई केली. तर तो विषाणू अक्षर अक्षर लावून वाचायचा. तीस हजार अक्षरं लिहिलेली असतात म्हणे त्याच्या अंगात. त्यात कुठे एखादं बदललंय का बघायचं. बदललं असेल तर तोच बदल आणखी कोणाकोणात आहे, कुठल्या वॉर्डात आहे, आणि तो आला कुठून. हे काम करणारे ते पाच जण. त्यांनी एक नवं रूप इतक्या लवकर हेरलं की दवाखान्यांना तयारीला वेळ मिळाला, म्हणून गेल्या डिसेंबरात पाचही जणांना दिल्लीला बोलावून मोठा सन्मान दिला. टीव्हीवर दाखवलं. किर्ती मी शिवलेल्या जांभळ्या ब्लाऊजमध्ये अगदी क्षणभर दिसली. चाळीने फटाके लावले. मी बाही नीट बसलीय का ते बघत होते, तेव्हा पुरस्कार कोणाच्या हस्ते दिला ते मला विचारू नका.

मग आमचं मंडळ जागं झालं. सव्वीस जानेवारीला चाळीचा सत्यनारायण असतो, त्याच दिवशी सत्कार करायचा ठरला. मंडळाचा सेक्रेटरी धनेश. त्याचं मोबाईलचं दुकान आहे आणि बॅनर काढायची हौस दांडगी. आठ दिवसांत बॅनर गेटवर. किर्तीचा हा मोठा फोटो, गळ्यात स्टेथोस्कोप, खाली 'कोरोनाची कर्दनकाळ, चाळीची शान, डॉ. किर्तीताई', आणि त्याच्याही खाली, 'ताईंच्या हस्ते मोफत आरोग्य तपासणी शिबिर'.

किर्ती कामावरून आली, गेटपाशी थांबली आणि तिथूनच ओरडली, "धन्याऽऽ!"

धनेश पळत आला. "कसा वाटला ताई?"

"हा स्टेथोस्कोप कोणाचा?"

"नेटवर भेटला. एकदम परफेक्ट बसला ना गळ्यात?"

"आणि शिबिर?"

"पब्लिक डिमांड, ताई."

"अरे, मी माणसं तपासत नाही रे! आणि आम्ही पाच जण आहोत. बाकीचे चार कुठायत?"

धनेशचा चेहरा पडला. "ताई, पाच फोटो टाकले तर आमदार साहेबांचा कुठे टाकू? बॅनर त्यांनीच दिलाय ना."

मी वरून गॅलरीतून सगळं ऐकत होते. मग मीही दोन शब्द सुनावले. दोन म्हणजे बरेच.

त्या संध्याकाळी किर्ती माझ्याकडे येऊन बसली. रागात असली की ती माझ्या चिंध्यांच्या पिशवीतून एकसारख्या रंगाच्या चिंध्या वेगळ्या काढत बसते. मी म्हटलं, "नको असेल सत्कार तर सरळ नाही म्हण. मी सांगते त्या धन्याला."

"सत्काराचं काही नाही गं काकी. शाल घेईन, नारळ घेईन, फोटो काढीन. दिल्लीतही घेतलं ना सगळं." एक निळी चिंधी निळ्यांत टाकली. "काकी, दिल्लीत एवढ्या टाळ्या वाजल्या. मला आनंद झाला, नाही असं नाही. पण मला बाबांच्या गाऱ्हाण्यात यायचंय. मी खरंच जे करते ते करणारी म्हणून. एकदा. आणि आता हे शेवटचंच."

हे नीट सांगायला हवं. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही गाऱ्हाणं माहीत नव्हतं. पूजा झाली की कोकणातली माणसं देवासमोर नारळ ठेवतात आणि एक जण सगळ्यांच्या वतीने खड्या आवाजात देवाशी बोलतो. कोणाला नोकरी लागू दे, कोणाचं लग्न जमू दे, कोणाची आजारी बायको उठून बसू दे. एकेक वाक्य झालं की बाकीचे सगळे मिळून म्हणतात, "व्हय म्हाराजा!" किर्तीचे वडील लवूतात्या हे घाडी, गावी त्यांच्या घराण्याकडेच हा मान. मिलमध्ये मागावर होते, तिथल्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे आवाज असा की गाऱ्हाणं चाळीत चालू व्हायचं आणि समोरच्या इमारतीतली माणसं हात जोडायची. पण मिलमधल्या कापसाच्या तुसाने छाती धरली. आता ऐंशीचे झालेत, चार वाक्यांवर खोकल्याची उबळ येते. ह्या वर्षी त्यांनीच जाहीर केलं होतं, हे शेवटचं, पुढच्या वर्षीपासून धनेश म्हणेल.

तात्यांचा एक नियम होता आणि त्यात ते ब्रह्मदेवाचंही ऐकत नसत. स्वतःला समजलं नाही ते देवाला सांगायचं नाही. एकदा एका पोराच्या घरच्यांनी सांगितलं, त्याला शेअर बाजाराच्या ऑप्शनमध्ये यश मिळू दे म्हणून मागा. तात्यांनी पूजा थांबवून त्याला समोर बसवलं, "ऑप्शन म्हंजे काय तां आधी माका सांग." पोरगा अर्धा तास सांगत होता. प्रसादाचा शिरा थंड झाला. शेवटी तात्या म्हणाले, "तुकाच कळना नाय, माका खंय कळतला, आणि देवाक मी काय सांगू?" आणि 'ह्या पोराक सुबुद्धी दी' एवढंच मागितलं.

तर असे हे तात्या स्वतःच्या मुलीबद्दल दरवर्षी देवाला काय सांगत? 'माजी किर्ती हास्पिटलात कामाक आसा, तिका सांभाळ.' ती कधी हॉस्पिटलात नव्हतीच. पण तात्यांना तेवढंच समजलं होतं, आणि त्यांच्या लेखी ते खरं होतं. किर्ती दरवर्षी त्या वाक्याला मान खाली घालून 'व्हय म्हाराजा' म्हणायची. मला वाटायचं, पोरगी लाजते.

आणि गंमत अशी, की दुसऱ्याच दिवशी दुपारी तात्या स्वतः माझ्या दारात. गॅलरीत इकडेतिकडे बघितलं, आत आले आणि हळूच म्हणाले, "वैनी, माज्या चेडवाचा, ह्या किर्तीचा, काम काय तां तुका समाजला काय?"

"मला समजलं असतं तर मी हुक लावत बसले असते का तात्या? तिलाच विचारा की."

"इचारलंय. कायतरी जनूक जनूक म्हणता. मी मान हलवतंय. किती वेळा इचारू? तिका वाटतला, बापसाच्या डोक्यात कायच शिरणा नाय." खाली बसले, दम खाल्ला. "ह्या वर्सा माका बरोबर सांगाचा आसा गो. मगे परत खंय सांगतलंय."

म्हणजे बघा, भिंतीच्या त्या बाजूला बाप आणि लेक दोघांना एकच गोष्ट हवी होती, आणि दोघंही येऊन सांगत होती मला. मी किर्तीला सांगून टाकलं. पोटात ठेवणारी मी नव्हेच.

मग सुरू झाले प्रयत्न. किर्तीने लॅपटॉपवर रंगीबेरंगी झाड दाखवलं, विषाणूचं खानदान म्हणे. तात्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "ह्या झाडाची मुळां बाजूक कित्याक?" तिने चुलीवरच्या भाताचं उदाहरण दिलं, मग कुलूपकिल्लीचं दिलं, मग तिचं तीच म्हणाली की कुलूपकिल्लीचं चुकलं. दाताच्या डॉक्टरांनी येऊन दाढांचं उदाहरण दिलं, त्याने तर तात्यांची दाढच दुखायला लागली. धनेश म्हणाला, "तात्या, सिंपल आहे. ताई व्हायरसचं आधार कार्ड बनवते." तात्यांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो उठून दुकानात गेला. "देवाकडे आधार कार्ड मागू मी? देव माका दारात उभो करीत नाय."

पूजेच्या आधीच्या रविवारी कौसल्यावहिनींनी त्या बाकीच्या चौघांना जेवायला बोलावलं. "दिल्लीत सगळी एका पंगतीक जेवली, आणि आमच्या घराक पाय लावूक नकोत?" बांगड्याचं तिकलं, तळलेली सुरमई, सोलकढी. मला बोलावलं नव्हतं, पण मी भाकऱ्या थापायला गेले.

चौघं आली. त्यांच्या प्रमुख इरावतीबाई, धारवाडच्या, केस पांढरे आणि हसणं पोरीसारखं. ग्लेन, खोताच्या वाडीतला, मशीनची सगळी कळ त्याच्या हातात. कल्पेश, वरळी कोळीवाड्यातला, शहरभरच्या गटारांचं पाणी आणणारा आणि तपासणारा. आणि शायनी, केरळातल्या कोट्टयमची, ती संगणकावर सगळ्यांचं गणित जुळवते. चौघं खाली सतरंजीवर ओळीने बसली, आणि लवूतात्यांचं सुरू झालं.

कोकणातल्या म्हाताऱ्यासमोर नवं माणूस बसलं की काय होतं ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. ताट वाढलेलं राहतं बाजूला. तू खंयचो? कुठली वाडी? कोणाचो? आवस खंयची? इकडे कोणाबरोबर इलंस? समोरच्याची सात पिढ्यांची गाठ कुठेतरी लागेपर्यंत सुटका नाही. इरावतीबाईंना त्यांनी विचारत विचारत खानापूरच्या आजोळापर्यंत नेलं आणि तिथल्या एका काजूवाल्याची ओळख काढली. ग्लेनला विचारून वाडीतलं त्याचं घर कुठल्या विहिरीच्या अंगाला, तेही काढलं. कल्पेशकडे नुसते बघत बसले होते. मग म्हणाले, "तू वरळीचो खरो. पण बांगड्याची डोकी आधी खातंस. आवस माहीमची मा?"

कल्पेशचा घास हातात राहिला. "तात्या, कसं काय वळखलं? आई माहीमचीच हाय!"

"माहीमचो एक जण होतो आमच्या खात्यात. तो पण डोक्यापासून सुरू करी."

राहिली शायनी. केरळात तात्यांची ओळख कुठली असायला? पण ते काय सोडतात. मिलमध्ये शिकलेल्या हिंदीत त्यांनी विचारलं, "तुम्हारे गाव में मच्छी को खट्टा क्या डालता?"

"कुडमपुळी," शायनी म्हणाली आणि हाताने दाखवलं, काळं, वाळलेलं, एवढं. "पानी में भिगोके."

"झाड कसा? फळ कसा?"

तिने सांगितलं. फळाला फोडी असतात, साल उन्हात वाळवतात, धुरावर धरतात. तात्यांनी सोलकढीची वाटी उचलून तिच्यासमोर धरली. "आमी पण साल वाळवतंव. ह्यां आमचा कोकम आणि तुमची ती कुडमपुळी, दोगी चुलत भयणी. एकाच घरातल्यो. एक हय रवली, एक तकडे गेली, तकडच्या पावसात रंग बदललो. पण खानदान एक!"

"बरोबर आहे तात्या," इरावतीबाई म्हणाल्या. "खरंच एकाच कुळातली झाडं आहेत ती."

किर्ती सुरमई वाढत होती. ती तिथेच थांबली, हातात उलथनं तसंच. "बाबा," ती म्हणाली, "परत सांगा."

"काय?"

"आत्ता कल्पेशचं आणि शायनीचं काय केलंत ते."

"मी काय केलंय? कोण खंयचो तां इचारलंय."

"बाबा, मी हेच करते!" आता ती खालीच बसली, त्यांच्या समोर. "दिवसभर मी हेच करते. मुंबईत एखादा विषाणू आला की आम्ही पाच जण त्याला समोर बसवून विचारतो, तू खंयचो? कोणाचो? तुझी आवस खंयची? इकडे कोणाबरोबर इलंस? तो एका माणसातून दुसऱ्यात जातो ना, प्रत्येक वेळी नवी पोरं होतात, आणि पोरांत काहीतरी थोडं बदलतं. कोणी डोकं आधी खायला लागतं. मग त्याची पोरं, नातवंडं, सगळी तशीच खातात. आम्ही ती खूण बघतो आणि सांगतो, हा अमक्या घरातला, इतक्यात इकडे आलाय, आणि ह्याचे भाऊबंद माहीमला पण पोचलेत."

तात्यांचा हात ताटातच वाळला. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि ते मान हलवण्यापुरते प्रश्न नव्हते.

"आणि तो खोटा बोललो तर?"

"त्याला खोटं बोलता येत नाही. सगळं अंगावरच लिहिलेलं असतं."

"बरां. वळखलास. मगे फायदो काय? तो तर घरात घुसलो."

"काही भाऊबंद गरीब असतात बाबा, काही मारकुटे. कोण आलाय ते आधी कळलं की हॉस्पिटलवाले खाटा तयार ठेवतात. जुनी लस त्याला चालेल की नवी लागेल ते ठरवतात."

"म्हंजे मारूचा काम तुमचा नाय."

"नाही. आमचं ओळखायचं."

"हां," तात्या म्हणाले, आणि पुन्हा जेवायला लागले. शाबास नाही, वा नाही, काही नाही. जाताना मात्र चौघांना दारात थांबवून प्रत्येकाला नाव आणि गाव पुन्हा विचारलं. इरावतीबाईंना तीनदा. किर्ती भांडी आवरताना मला म्हणाली, "काकी, कळलं का गं त्यांना? की पुन्हा मान हलवली?" मला तरी कुठे माहीत. बाप्यांच्या मनातलं कळायला मशीन निघालेलं नाही अजून.

पुढचा आठवडा तात्या कोणाशी बोलले नाहीत. गळ्याला मफलर, गरम पाणी, ओव्याचा धूर. आवाज जपत होते. दुपारी सगळे कामावर गेले की भिंतीपलीकडून मला पुटपुटणं ऐकू यायचं, आणि मग खोकला. दर वेळी तिथेच, त्याच जागी. माझी टीप वाकडी जायची.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा झाला आणि पूजा मांडली. मधल्या चौकात मांडव, केळीचे खुंट, शिऱ्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत. बॅनरवर धनेशने बदल केला होता. बोलणं त्याला लागलं होतं बहुतेक. इरावती, ग्लेन, कल्पेश, शायनी अशी चार नावं कागदावर मोठ्ठी छापून त्याने तो कागद बरोबर स्टेथोस्कोपवर चिकटवला होता. शिबिर दाताच्या डॉक्टरांच्या गळ्यात घातलं होतं आणि ते खुशीत लोकांचे गुडघे बघत होते. चौघं पाहुणे आले. शाली झाल्या, नारळ झाले, साहेबांचं भाषण झालं, त्यात लस किर्तीनेच शोधली. मी उठून बोलणार होते, पण कौसल्यावहिनींनी माझा पदर घट्ट धरून ठेवला.

आरती झाली. लवूतात्या उठले. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. देवासमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि डोळे मिटले. अख्खी चाळ उभी राहिली. किर्ती माझ्या शेजारी होती. तिने माझं मनगट पकडलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या हिरजीच्या चाळीत जी काय तुजी लेकरां रवतत, कोण कोकणातली, कोण घाटावरली, तेंनी मिळान आज तुजी पूजा मांडलेली आसा. ती गोड मानून घी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नोकऱ्या मागून झाल्या, लग्नं मागून झाली, तिसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणीसाठी मागून झालं. मग ते थांबले. छातीतून घरघर ऐकू आली. धनेश पाणी घेऊन पुढे झाला, त्याला त्यांनी हातानेच मागे सारलं.

"म्हाराजा, मदी एक दुखणा इला. जगभर फिरान इला. तां खंयचा, कोणाचा, कोणाबरोबर इला, तां कोणाकच कळा नाय. घडीक एक रूप, घडीक दुसरा. तेका गाठून तेची वळख काढणारी पाच माणसां ह्या परळात बसलेली होती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"एक धारवाडची इरावती. एक खोताच्या वाडीतलो ग्लेन. एक वरळीचो कल्पेश, तेची आवस माहीमची. एक आमच्या कोकमाच्या भयणीच्या गावची, कोट्टयमची शायनी." एकेका नावाला आवाज चढत होता. मला भीती वाटत होती की आता उबळ येणार, पण आली नाही. "आणि पाचवी ह्याच चाळीतली, माजी किर्ती. दुखण्यान रूप बदलल्यान, तरी ह्यांनी तेका वळखल्यानी. वळखल्यानी म्हणान दवाखाने सावध झाले. सावध झाले म्हणान आज हय जी उबी आसत, त्यातली कितीक उबी आसत म्हाराजा!"

ह्या वेळचा 'व्हय म्हाराजा' काय सांगू! वरच्या गॅलरीतून, जिन्यातून, गेटबाहेरून. शायनीला शब्द कळत नव्हते, पण स्वतःचं गाव ऐकून ती मोठ्याने 'व्हय म्हाराजा' ओरडली. इरावतीबाई चष्मा काढून पदराने डोळे पुसत होत्या. किर्तीच्या बोटांनी माझं मनगट लाल झालं होतं.

"ह्यां तेंचा काम. मारूचा नाय, वळखूचा. त्या कामाक यश दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

झालं, असं आम्हाला वाटलं. पण तात्यांनी हात सोडले नाहीत. आवाज खाली आला.

"आणि एक रवला म्हाराजा. हिचो बापूस इतकी वर्सां तुज्यासमोर उबो रवान हिचा काम चुकीचा सांगत इलो. तो बापूस अडाणी. तेका समाजाक उशीर झालो. तेचा चुकलामाकला पदरात घी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळीने सवयीने म्हणून टाकलं.

"नाय म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात कोणी 'नाय' म्हटलेलं मी ह्या चाळीत कधी ऐकलेलं नाही. भटजींच्या हातातली पळी थांबली. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. किर्ती माझा हात सोडून पुढे गेली होती, तोंड रडवेलं आणि आवाज मात्र थेट बापाचा.

"नाय म्हाराजा! माझो बापूस अडाणी नाय!"

तात्यांनी डोळे उघडले. "गाऱ्हाण्यात नाय म्हणाचा नसता गो," ते पुटपुटले.

"मग तुम्ही अडाणी म्हणाचा नसता."

तात्या तिच्याकडे बघत राहिले. आणि मग त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असं हसू फुटलं की माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. त्यांनी पुन्हा देवाकडे तोंड केलं, हात जोडले, आणि उरलासुरला सगळा दम गोळा करून विचारलं,

"म्हाराजा, माजा चेडू काय म्हणता तां आयकलंस मा?"

देवाने ऐकलं की नाही मला माहीत नाही. पण त्याच्या वतीने आम्ही सगळ्यांनी सांगितलं, आणि मी, घाटावरची मंजुळा, सगळ्यांत मोठ्याने,

"व्हय म्हाराजा!"